पहिला गिअर सोडू नकोस

बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोटरसायकलवर सिग्नलला थांबली होतीस, बाजूच्या गाडीतून उतरून एक माणूस तुझ्यापाशी आला, ओरडायला लागला आणि तुला काही सुचेना. त्याला उत्तर द्यायला हवं होतं की गप्प बसायला, असं विचारतेस. मला आधी सांग, गाडी कुठल्या गिअरमध्ये होती? पत्रात ते कुठेच नाही, म्हणजे न्यूट्रलमध्येच असणार.

चारचाकीवाला काच वर करतो, दार लॉक करतो. तुझ्याकडे फक्त निघून जायची सोय आहे, आणि न्यूट्रल टाकलास की तीही गेली. गाडी पूर्ण थांबायच्या आतच, चाक फिरत असताना पहिल्यात आण. उभ्या गाडीत गिअरचे दात कधी कधी समोरासमोर अडतात; पाय दाबत राहतेस आणि गिअर पडत नाही. मग क्लच जरा सोडून पुन्हा ओढावा लागतो. घाबरलेल्या माणसाला हे नेमकं त्याच क्षणी जमत नाही.

तर पहिला गिअर, क्लच पूर्ण आत, डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. ब्रेक दाबलेला असला की मागचा दिवाही पेटलेला राहतो. पायाखाली लेनच्या मधला तेलकट पट्टा नको, चाकोरीत थांब.

लोक सांगतील, क्लच जळेल. हा वाद मी वर्षानुवर्षं घालते आहे आणि अजून कोणी मला पटवू शकलेलं नाही. क्लच झिजतो तो अर्धवट धरल्यावर, प्लेटा घासल्यावर. पूर्ण ओढला की त्या सुट्या होतात. पहिल्यात गाडी पुढे सरकत असेल तर केबल ढिली पडली आहे. लीव्हरच्या बुंध्याशी साधारण २-३ मिलिमीटर ढिलाई ठेव, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. हात दुखतो म्हणशील. दुखू दे. रेल्वे फाटकाशी दहा मिनिटं थांबायचं असेल तर इंजिनच बंद कर, ती गोष्ट वेगळी.

गिअर आहे पण पुढे जागा नाही, तर काय उपयोग? पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेव आणि पुढचं चाक मोकळ्या बाजूला किंचित वळवून ठेव. आरशात बघत राहा. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. ती थांबेपर्यंत ब्रेकचा दिवा दोन-तीनदा लुकलुकव. ती थांबली की पुष्कळजण न्यूट्रल टाकतात. अगं, माणसं चालत येतात ती तेव्हाच!

येणारे बहुतेक निरुपद्रवी असतात. कोणी पत्ता विचारतो, कोणी काही विकतो, कोणाला गाडीचं कौतुक असतं. हेल्मेटची काच वर कर म्हणजे डोळे दिसतात, बोलणं सौम्य होतं. हेल्मेट काढू नकोस, पट्टाही सोडू नकोस. लहान मूल जवळ आलं तर आधी सायलेन्सरकडे लक्ष दे, पोटरीएवढ्या उंचीवर ते भाजतं. ‘तुमचे पैसे पडले’, ‘चाकात हवा नाही’ असं कोणी म्हणालं तर खाली वाकू नकोस. तू वाकतेस तेवढ्यात दुसऱ्या बाजूने बॅग जाते. बॅग छातीवरून तिरपी घाल, फोन हँडलवर लावू नकोस.

चिडून येणाऱ्याशी वाद नको. तो दाराबाहेर पाय टाकताना दिसला की जागा बघ आणि निघ, सिग्नल तोडून नव्हे, बाजूच्या मोकळ्या पट्टीत चार-पाच मीटर पुढे. पण त्याने हँडल किंवा तुझा हात धरला असेल तर मात्र निघू नकोस. उजवा हात ओढला गेला की थ्रॉटल फिरतो, क्लच सुटला तर गाडी उसळी घेते आणि तुम्ही दोघंही तिच्याखाली. तेव्हा उजव्या अंगठ्याने इंजिन बंद करणारा लाल किल स्विच दाब, किल्ली काढून खिशात टाक, मोठ्याने मदत माग. इथे पहिला गिअर उपयोगाचा नाही, हे मला मान्य करायला फार वेळ लागला. म्हणूनच म्हणते, त्याच्या हाताआधी निघ.

स्कूटर चालवशील तेव्हा गिअर नसेल. दोन्ही ब्रेक दाबलेले आणि थ्रॉटल पूर्ण बंद.

रविवारी मोकळ्या मैदानात वीस वेळा थांबून बघ. दहा वेळा न्यूट्रलमधून निघ, दहा वेळा पहिल्यातून, कोणाला तरी टाळी वाजवायला सांगून. दोन्हींना किती वेळ लागला ते मोज आणि मला आकडे लिहून पाठव.