घाणा थांबायचा तो दिवस

बाळ, शालोम.

माणसाची सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असं तू विचारलंस. सोबत चंद्रावरचं पाऊल, देवीची लस अशी यादीही जोडलीस. त्या सगळ्यापुढे मी हात जोडते. पण ज्यू घरात वाढलेल्या बाईला विचारलंस, म्हणून सांगते: शब्बाथ. सात दिवसांतून एक दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, हातातलं काम खाली ठेवणं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणात आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं आम्हाला नाव दिलं ‘शनिवार तेली’. हिब्रू विसरली होती, पण ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शनिवार सुटला नव्हता. कामावरून जात ओळखली जायची त्या काळात आमची ओळख काम थांबवण्यावरून पडली, याचा मला फार अभिमान वाटतो.

तोराहमधली, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातली, शब्बाथची आज्ञा नीट वाच. विसावा एकट्या मालकाला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका, सगळ्यांना. आणि तोराहच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात कारण दिलंय: तू मिसरात गुलाम होतास, ते आठव. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला ती घेता येते तो मोकळा माणूस. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका म्हणायचा, हे ज्यू लोक आयुष्याचा सातवा हिस्सा फुकट घालवतात. एवढा शहाणा माणूस, पण त्याला हे कळलं नाही.

मिश्नामध्ये, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, शब्बाथला वर्ज्य अशी ३९ कामं आहेत: नांगरणी, पेरणी, विणणं, लिहिणं, विस्तव पेटवणं. पाहिलंस? माणसानं कमावलेलं जवळजवळ सगळं कसब त्यात आलं. एवढं येत असूनही एक दिवस जगाला हात न लावणं, ही मला त्या कसबापेक्षा मोठी गोष्ट वाटते. जीव वाचवायचा असेल तर मात्र सगळे नियम बाजूला, यात शंका नको.

तुझा रविवारही असाच कुणीतरी मिळवलेला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो १८९० साली मिळाला, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षं झगडल्यावर. आणि तू त्या दिवशी लॅपटॉप उघडून बसतेस!

तेव्हा एक दिवस धर. कुठला ते तू ठरव. उद्या तुझ्या हाताखाली माणसं आली की त्यांची सुट्टी आधी लाव, मग तुझी. आमच्या आजीकडे शब्बाथला भांडी तशीच पडून राहायची, कारण भांडीवाल्या मावशींनाही त्या दिवशी सुट्टी असायची. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की आजी स्वतः पदर खोचून घासायला बसायची.

येत्या शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ये. किद्दूशच्या, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीच्या प्रार्थनेच्या, शरबतासाठी काळ्या मनुका भिजत घालते. फोन बंद करून ये.

तुझी,
मावशी