८० अपवोट असूनही माझी कमेंट १० अपवोटवालीच्या खाली का? हा पक्षपात आहे का? वर कसं यायचं?

पक्षपात वगैरे काही नाही. २० डाउनवोटही (नापसंतीची मतं) पडलेत, हे तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात पार शेवटी लिहिलंय. सगळी मेख तिथेच आहे.

‘अपवोट वजा डाउनवोट, संपला विषय’ असं म्हणणारे डेव्हलपर अजून भेटतात. त्या हिशोबाने ६०० अपवोट आणि ४०० डाउनवोटवाली भांडकुदळ कमेंट +२०० घेऊन मिरवते आणि ६० पैकी ६० मतं मिळवलेली तिच्याखाली दबते. नुसती टक्केवारी लावली तर आणखी हसू: एकाच मताची कमेंट १०० टक्के घेऊन सगळ्यांच्या डोक्यावर.

म्हणून विल्सन स्कोअर. अमेरिकन गणितज्ञ एडविन विल्सन यांचं १९२७ सालचं सूत्र, रेडिट या चर्चांच्या साइटने २००९ मध्ये ‘बेस्ट’ क्रमासाठी घेतलं. पडलेली मतं हा फक्त नमुना धरायचा, सगळ्यांनी मत दिलं असतं तर अपवोटचं प्रमाण ९५ टक्के खात्रीने ज्या दोन आकड्यांच्या मध्ये पडलं असतं, तो पट्टा काढायचा आणि त्याच्या खालच्या टोकावर क्रम लावायचा. डाउनवोट शून्य असतील तर हिशोब तोंडी होतो: एकूण मतं भागिले (एकूण मतं + ३.८४). १ मत म्हणजे ०.२१, ९ म्हणजे ०.७०, १० म्हणजे ०.७२. तुमचे ८०-२० येतात ०.७१ वर. समोरच्याला डाउनवोट नसतील तर त्याच्या नवव्या मतापर्यंत तुम्ही वर होता, दहाव्याने खाली गेलात.

स्वतः कोड लिहिणार असाल तर शून्य मतांची कमेंट आधी बाजूला काढा, नाहीतर शून्याने भागायची वेळ येऊन हिशोब तिथेच फुटतो. अपवोट शून्य असेल तर १ डाउनवोट काय नि ५० काय, स्कोअर ० च येतो. तिथे डाउनवोटवर वेगळा क्रम लावावा लागतो. कमेंट किती जुनी आहे हे सूत्रात येत नाही, त्यामुळे मत पडेल तेव्हाच स्कोअर काढून डेटाबेसमध्ये ठेवा. पान उघडताना दरवेळी मोजत बसणं हा निव्वळ अपव्यय.

वर यायचं तर चर्चा ताजी असताना लिहा. कारण विल्सनला मतं कळतात, कमेंट किती जणांच्या नजरेला पडली ते कळत नाही. उशिरा आलेली चांगली कमेंट तळाशी न वाचताच राहते. साइटने सुरुवातीचा काही वेळ क्रम रँडम ठेवून स्कोअर लपवला तर हे बरंच आटोक्यात येतं.

अर्थात, हे सगळं तुमच्या साइटवर विल्सन असेल तर. मतांच्या फरकावर क्रम लावायची सोय असेल तर ती निवडून बघा. तिथे +६० घेऊन तुम्हीच वर असाल.