‘दोन तासांचं काम’ सात तासांचं कसं होतं

प्रश्न : माझी मुलगी 24 वर्षांची आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालयातून गणितात एम.एस्सी. केलं, 61 टक्के मिळाले. बी.एड.चा फॉर्म भरणार तेवढ्यात एका कंपनीकडून ऑनलाइन शिकवायचं काम आलं. नववी आणि दहावी अशा दोन बॅच, प्रत्येकी 35 मुलं, आठवड्यात पाच दिवस, संध्याकाळी 5 ते 7, तासाला 250 रुपये. मला तर हे उत्तम वाटतं. घरबसल्या दोन तासांचं काम, उरलेला दिवस घराकडे बघेल. स्थळंही बघतो आहोत. लग्नानंतर कुठंही गेली तरी लॅपटॉप सोबत नेता येईल. शिवाय ती मुळात अबोल. वर्गासमोर उभं राहणं तिला जमायचं नाही, ऑनलाइनमध्ये ती अडचण येणार नाही. बी.एड. सोडून हेच घ्यावं ना?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

ताई, नमस्कार.

पत्रात कंपनीचा दर आहे, स्थळांचा विषय आहे, तुमचं मत तर आहेच. लेकीला काय वाटतं याबद्दल मात्र एक ओळसुद्धा नाही. टक्क्यांची चिंता सोडा; बी.एड.ला 50 टक्के पुरतात, तिला 61 आहेत. मला खटकलं ते ‘उरलेला दिवस घराकडे बघेल’ हे वाक्य. नोकरी तिची, पण ती निवडताना सोय घराची पाहिली जाते आहे.

ऑनलाइन शिकवणाऱ्या मुलींच्या घरी हमखास काय होतं ते सांगते. पाच ते सात ही चहाची, दिवेलागणीची, येणाऱ्याजाणाऱ्यांची वेळ. माइक चालू असताना कुकरची शिट्टी होते, कुणीतरी दारातून हाक मारतं, ‘जरा दार उघड गं, तुझं काय, तू तर घरीच आहेस.’ पस्तीस मुलं ते ऐकतात. सात वाजता लॅपटॉप मिटला म्हणजे काम संपलं, असंही नाही. मुलं जेवून गृहपाठाला बसतात साडेनऊला; शंका तेव्हा येतात आणि अकरापर्यंत येत राहतात. घरातल्यांना वाटतं, ही मोबाइलमध्ये डोकं घालून बसली आहे. आणि मुलं इंदूरचीच असतील असं नाही. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघालेली असेल, इकडे लखनौच्या मुलाची दुसऱ्या दिवशी चाचणी असेल. त्याच्या लेखी ती सुट्टी नाही.

आता दोन तासांचा हिशोब मांडू. पहिल्या वर्षी प्रत्येक धडा नवा, त्यामुळे एका तासिकेच्या तयारीला सव्वा तास धरा : कुठली उदाहरणं घ्यायची, कोणत्या क्रमानं, पडद्यावर काय लिहायचं, मुलं कुठं अडतील. दोन तासिकांचे अडीच तास झाले. आठवड्याला एक छोटी चाचणी, 70 पेपर, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे 280 मिनिटं. पाच दिवसांत वाटली तर रोजची 56. सत्तर मुलांपैकी पाचातल्या एकानं जरी रोज शंका विचारली, तरी 14 शंका, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे 70 मिनिटं. हजेरी आणि पालकांचे निरोप यांना अर्धा तास. शिकवण्याचे दोन तास धरून बेरीज होते 426 मिनिटं, सात तासांच्या थोडं वर. मिळणार 500 रुपये. म्हणजे तासाला 250 नव्हे, 70 रुपये. दुसऱ्या वर्षी तयारीचा वेळ निम्म्यावर येईल, पण तपासणी आणि शंका कमी होत नाहीत, त्या मुलांच्या संख्येबरोबर वाढतात. कंपनीनं 35 ची बॅच 60 ची केली, तर शिकवणं एकच तास राहतं, दरही तोच राहतो आणि तपासणीचं आणि शंकांचं ओझं जवळजवळ पावणेदोन पट होतं. करारात ‘बॅचमध्ये जास्तीत जास्त किती मुलं’ आणि ‘तपासणीचे वेगळे किती’ हे लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही. अशी कामं बहुतेक वेळा व्यावसायिक शुल्क म्हणून दिली जातात : पी.एफ. नाही, पगारी रजा नाही, आणि वर्षाची रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की दहा टक्के टी.डी.एस. कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण ते भरावं लागतं.

‘अबोल आहे म्हणून ऑनलाइन बरं’ हा समज मात्र मुळातूनच चुकीचा आहे. वर्गात न बोलताही बरंच कळतं. एक मुलगा पेन खाली ठेवून बसला आहे, दुसरी शेजारणीच्या वहीत बघते आहे, हे चालता चालता दिसतं. ऑनलाइनमध्ये कॅमेरे बंद असतात. समोर 35 नावं आणि शांतता. एक उदाहरण घ्या. 2एक्स² − 7एक्स + 3 = 0 सोडवताना मुलगा मधल्या पदाची फोड बरोबर करतो, मग − एक्स + 3 मधून − 1 बाहेर काढतो आणि कंसात (एक्स + 3) लिहितो. तिथं (एक्स − 3) हवं. वर्गात त्या चिन्हावर बोट ठेवलं की झालं, दहा सेकंदांचं काम. ऑनलाइनमध्ये रात्री दहाला वहीचा आडवा, अंधारातला फोटो येतो आणि खाली ‘मॅम, नहीं आ रहा’. कोणतं गणित, कोणती पायरी, काही नाही. ते विचारायचं, उत्तराची वाट बघायची, फोटो मोठा करून चूक शोधायची आणि ती त्यालाच सापडेल अशा शब्दांत लिहायची : ‘तिसऱ्या ओळीपर्यंत छान. आता कंस सोडवून बघ, वरची ओळ परत मिळते का?’ घाईत नुसतं ‘परत बघ’ लिहिलं तर मूल त्याला रागावणं समजतं आणि पुन्हा विचारत नाही. आवाजातला मऊपणा लेखी निरोपात आपोआप उतरत नाही, तो शब्दांनी घालावा लागतो. थोडक्यात, इथं बोलणं जास्त लागतं, आणि त्यातलं निम्मं लिहून.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कमी बोलणारी माणसं पुष्कळदा नेमकं लिहितात. तुमची लेक तशी असेल तर हे काम तिला फार चांगलं जमेल. पण ते जमेल ती लिहिते म्हणून, समोर माणसं नाहीत म्हणून नव्हे.

तिला काही गोष्टी पहिल्या दिवसापासून कराव्या लागतील. ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद. त्यावर हो म्हणायला काहीच लागत नाही. त्याऐवजी छोटं गणित द्यायचं, उत्तर चॅटमध्ये टाइप करून ठेवायला सांगायचं आणि ‘आता पाठवा’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाठवायचं, म्हणजे पहिल्याचं उत्तर बाकीच्यांना उतरवता येत नाही. आवाज आणि चॅट उशिरा पोचतात, म्हणून विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबायचं. नव्या शिक्षिका तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर सांगून मोकळ्या होतात. शंका विचारायची तर पान, गणिताचा क्रमांक, स्वतः केलेल्या पायऱ्यांचा उभा फोटो आणि ‘मी इथं अडलो’ ही एक ओळ हवी. ती ओळ लिहिता लिहिताच काही मुलांना चूक सापडते. एकच शंका तिघांकडून आली तर तिघांना वेगवेगळं उत्तर नाही, बॅचच्या गटात सगळ्यांसाठी एकच. पालकांचा गट वेगळा, त्यात लिहिण्याची मुभा फक्त ॲडमिनला. उत्तरांची वेळ ठरवून जाहीर करायची, समजा रात्री साडेनऊ ते साडेदहा; त्यानंतर व्हॉट्सॲप बिझनेसमधला आपोआप जाणारा निरोप उत्तर देईल. बहुतेकींना अकराचा मेसेज पाहिला की राहवत नाही. एकदा उत्तर दिलं की मुलं अकरा हीच वेळ धरतात.

सामान फार लागत नाही. लिहायला पेन टॅबलेट, तारेचे इअरफोन, इंटरनेटचा राउटर इन्व्हर्टरवर, आणि आतून कडी लागणारी खोली. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, ती तुम्ही द्यायची आहे.

आता बी.एड. फॉर्म भरा, सोडू नका. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, एम.एस्सी.-बी.एड. झाल्यावर मध्य प्रदेशातल्या शिक्षक भरतीच्या वर्ग 1 (उच्च माध्यमिक) आणि वर्ग 2 (माध्यमिक) या पात्रता परीक्षा, सी.टी.ई.टी. या केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर आणि खासगी शाळा हे नेहमीचे रस्ते आहेत. पहिली ते पाचवीसाठी मात्र बी.एड. चालत नाही, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं आहे. बी.एड.ला तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते, त्यामुळे कंपनीच्या दोन बॅच सोबत झेपणार नाहीत. आठ-दहा मुलांची एक बॅच झेपेल, आठवड्यातून तीन दिवस. गूगल मीटवर विनामूल्य एक तास मिळतो, झूमवर 40 मिनिटं, तेवढं पुरेसं आहे. प्रवेशाची यादी लागेपर्यंत तिनं अशी बॅच सहा आठवडे घेऊन बघावी आणि रोज चार आकडे लिहावेत : तयारी, शिकवणं, तपासणी, निरोप, प्रत्येकाची मिनिटं. कंपनी तोवर थांबणार नसेल तर ते काम जाऊ द्या. अशी कामं पुढेही येतील.

आणि हे सगळं तिला करायचं आहे का, ते आधी तिला विचारा. कदाचित तिला शिकवायचंच नसेल, एम.एस्सी. गणिताला आकडेवारी आणि विमा क्षेत्राचेही रस्ते आहेत. तसं असेल तर वरचं काहीच लागू नाही. पुढचं पत्र तिनं लिहावं. त्याचं उत्तर मी तिलाच देईन.