मुलीचं सासर फ्युनरल होम आहे, काय करू?

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत आयोवामधे नोकरी करते, तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलंय. मुलगा वागायला बोलायला साधा आहे पण त्यांचा पिढीजात धंदा फ्युनरल होमचा. खाली प्रेतं ठेवतात आणि वर हे लोक राहतात म्हणे. नातेवाईक नाकं मुरडतायत, जावेने तर तोंडावर विचारलं की पोरीला स्मशानात देणार का. मुलगी म्हणते आई तुला काही माहीत नाही. खरंच माहीत नाही हो. काय करतात हे लोक? तिला झेपेल का?
(एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, जावेचं सोडा, पण झेपेल का हा प्रश्न अगदी रास्त आहे. मी मिडवेस्टमधे (आयोवा याच भागात येतं) बरीच वर्षं राहतेय, तिथे दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात फ्युनरल होम चालवणाऱ्या माणसाला केवढा मान असतो ते बघितलंय. आपल्याकडे कोणी गेलं की शेजारीपाजारी जमतात, एकजण सामान आणायला पळतो, कोणी तिरडी बांधतं, कोणी पास काढायला जातं. तिथे हे सगळं फ्युनरल डायरेक्टर करतो. रात्री दोनला फोन आला की नीट कपडे करून, बाहेर बर्फ असला तरी, त्या घरी जायचं आणि माणसाला घेऊन यायचं. मग डेथ सर्टिफिकेट, पेपरातली बातमी, चर्चची वेळ, दफनभूमीतला खड्डा, सोशल सिक्युरिटीला कळवणं, गेलेला माजी सैनिक असेल तर शवपेटीवर घालायचा झेंडा मिळवणं. घरचे लोक कपडे, चष्मा आणि एखादा फोटो आणून देतात, त्या फोटोत बघून भांग त्याच बाजूला पाडायचा, कारण दर्शनाला येणाऱ्या सगळ्या गावाला तो चेहरा पाठ असतो. आणि बऱ्याचदा तो चेहरा या माणसाच्या स्वतःच्या शाळेतल्या बाईंचा असतो किंवा मित्राच्या लहान पोराचा असतो. हे सगळ्यात जड काम, याची सवय होत नाही.

यातली बरीच घराणी मुळात फर्निचरवाली. टेबलं-कपाटं करणारा शवपेटीही करायचा, त्यातून हळूहळू हा धंदा उभा राहिला. आडवा माणूस मावेल अशी गाडी यांच्याकडेच असायची म्हणून 1960च्या दशकात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या अँब्युलन्स हेच लोक चालवत होते! अजूनही बहुतेक फ्युनरल होम्स कुटुंबांचीच आहेत, पण पैसा पूर्वीसारखा राहिला नाही. व्ह्यूइंग (म्हणजे अंत्यदर्शन) आणि दफन धरून 2023 मधे साधारण 8,300 डॉलर खर्च यायचा, साधं दहन त्याहून खूप स्वस्त, आणि 2015-16 च्या सुमारास दहनाने दफनाला मागे टाकलं. इमारत, गाड्या, पगार तेवढेच, गावाची वस्ती मात्र घटतेय, त्यामुळे मुलं पुढे यायला तयार नसली की म्हातारे मालक मोठ्या कंपन्यांना विकून मोकळे होतात.

विटाळाचं म्हणाल तर सुतक नात्याने लागतं, कामाने नाही. मुलीला प्रेताला हात लावायची सक्ती कोणी करणार नाही, एम्बामिंगला (प्रेत टिकावं म्हणून त्यात औषध भरतात ते) तर लायसन्स लागतं, त्यासाठी मॉर्च्युअरी सायन्सचं शिक्षण आणि परीक्षा असते (आता त्या कॉलेजात निम्म्याहून जास्त मुलीच आहेत). पण वर राहायचं ठरलं तर खाली लोक जमले असताना पोरांनी धावायचं नाही, मोठ्याने टीव्ही नाही, आणि मिरचीची फोडणी तर नाहीच, वास सरळ खाली जातो. मी तिच्या जागी असते तर वेगळं घर मागितलं असतं. दुसरं म्हणजे एम्बामिंगच्या खोलीत हवा खेचणारा एक्झॉस्ट नीट आहे का ते तिने विचारावं. त्या औषधातलं फॉर्मल्डिहाइड वाईट असतं, 2009च्या एका अभ्यासात वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांमधे एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं होतं.

आणि खरी गोष्ट विचारायची ती फोनची. रात्रीचा फोन कोण घेणार, सुट्टीला गेल्यावर बदली कोण, की तो फोन सुनेच्या गळ्यात? पूर्वी बायकोनेच चोवीस तास फोनपाशी बसायचं अशी रीत होती, आणि त्या बायकांचं कोणी नावही घेत नाही, मला याचा राग येतो. हे लग्नाआधी स्पष्ट बोलून घ्यायला सांगा. बाकी माणसं चांगली असतील तर खुशाल होकार द्या.

प्रश्न: आम्ही दोघं सत्तरीचे, सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत चाललोय. तिकडेच काही झालं तर आपले विधी होतात का? (पुणे)

उत्तर: होतात काका, आंघोळ घालणं, नवे कपडे, तुळस-गंगाजल, मंत्र, आणि बऱ्याच ठिकाणी मुलाला दहनाचं बटण दाबू देतात. फक्त आधी बोलावं लागतं. 1984 पासून कायदा आहे की फ्युनरल होमने फोनवर विचारलं तरी दर सांगायचे आणि प्रत्यक्ष गेल्यावर छापील यादी हातात द्यायची. मुलाला आत्ताच दोन ठिकाणी फोन करायला सांगा, लाजू नये. साध्या दहनाला महागडी पेटी लागत नाही, एम्बामिंगही लागत नाही. पेसमेकर असेल तर आधी काढावाच लागतो, भट्टीत फुटतो. दहनानंतर तिकडे अस्थी मशीनमधे बारीक करून देतात, आपल्यासारख्या वेचता येत नाहीत, तशाच हव्या असतील तर आधीच सांगून बघा. विमानातून आणायच्या तर डबा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा घ्या, धातूच्या डब्यातलं एक्स-रेमधे दिसत नाही आणि मग सिक्युरिटीवाले सोडत नाहीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना मृतदेह परत आणायचा खर्च किती धरलाय तेवढं वाचून घ्या आणि पॉलिसीची एक कॉपी मुलाकडे ठेवा.