प्रश्न वाचकांचे : जास्त डिडक्टिबलचा आरोग्यविमा आणि एचएसए खाते

प्रश्न : अमेरिकेतील माझ्या नव्या कंपनीने २०२६ सालासाठी आरोग्यविम्याच्या दोन योजना पुढे ठेवल्या आहेत. पीपीओ, म्हणजे डॉक्टर निवडण्याची मोकळीक देणाऱ्या, योजनेत आम्हा चौघांचा हप्ता दरमहा ४२० डॉलर, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) १,००० डॉलर आणि वर्षभरात खिशातून जाऊ शकणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा ६,००० डॉलर आहे. दुसरीत हप्ता २२०, डिडक्टिबल ४,००० आणि कमाल मर्यादा ८,००० डॉलर असून कंपनी एचएसए या वैद्यकीय खर्चासाठीच्या बचत खात्यात वर्षाला १,००० डॉलर भरणार आहे. डिडक्टिबल संपल्यावर दोन्हींत २० टक्के वाटा आमचा. मुलाला दमा आहे. करसवलत मिळते म्हणून दुसरी योजना घ्यावी का?

उत्तर : केवळ करसवलतीसाठी घेऊ नये, हिशेब जमत असेल तर घ्यावी, आणि आपल्या आकड्यांवरून तो जमतो. एचएसए हा विमा नव्हे. ते आपल्या नावावरचे बचत खाते आहे, आणि २००३ च्या कायद्याने २००४ पासून ते फक्त ठरावीक स्वरूपाचा जास्त डिडक्टिबलचा विमा असलेल्यांनाच उपलब्ध झाले. २०२६ साठी अशा कौटुंबिक योजनेचे डिडक्टिबल किमान ३,४०० डॉलर असावे लागते आणि कमाल मर्यादा १७,००० डॉलरच्या आत असावी लागते. एकट्या व्यक्तीसाठी हे आकडे १,७०० आणि ८,५०० आहेत. आपली योजना यात बसते, तरीही ती ‘एचएसए-पात्र’ असल्याचे कंपनीच्या कागदात स्पष्ट लिहिलेले आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण डिडक्टिबल मोठे असूनही पहिल्या दिवसापासून सर्व औषधे ठरावीक कोपेमध्ये (दर वेळी भरायच्या छोट्या रकमेत) देणारी योजना पात्र ठरत नाही.

आता हिशेब. वर्षभर कोणी आजारी पडले नाही, तर पीपीओचे ५,०४० डॉलर जातील. दुसऱ्या योजनेचे २,६४० जातील आणि कंपनीचे १,००० खात्यात राहतील, म्हणजे ३,४०० डॉलरचा फरक पडेल. उपचारांचा खर्च ४,००० झाला तर पीपीओत एकूण ६,६४० आणि दुसरीकडे, कंपनीची रक्कम वजा जाता, ५,६४० डॉलर पडतील. अगदी वाईट वर्षात, दोन्हीकडे कमाल मर्यादा गाठली गेली तरी, ११,०४० विरुद्ध ९,६४० असे चित्र राहते. हप्ते करपूर्व पगारातून कापले जात असल्यामुळे प्रत्यक्ष फरक यापेक्षा थोडा कमी भरेल, पण कोणती योजना स्वस्त हे त्याने बदलत नाही. सगळ्यांच्या कंपन्या इतक्या उदार नसतात. कंपनी खात्यात काहीच भरत नसेल आणि हप्त्यातला फरक महिन्याला पन्नास-साठ डॉलरचाच असेल, तर याच आकडेमोडीचे उत्तर सहज उलटे येते.

करसवलत यानंतर येते. खात्यात भरलेल्या रकमेवर संघीय आयकर नाही, खात्यातील वाढीवर नाही आणि वैद्यकीय खर्चासाठी काढल्यास तेव्हाही नाही. पगारातूनच भरणा केल्यास सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांचा ७.६५ टक्के करही वाचतो, जो स्वतः बँकेतून भरल्यास वाचत नाही. आपण २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि हप्त्यातून वाचणारे २,४०० डॉलर पगारातूनच खात्यात वळवले, तर सुमारे ७११ डॉलर कर वाचेल. २०२६ ची कौटुंबिक मर्यादा ८,७५० डॉलर आहे, पण कंपनीचे १,००० तीत धरले जातात, त्यामुळे आपल्याला ७,७५० पर्यंतच भरता येईल. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्ये आपल्या राज्यकरात ही सवलत मानत नाहीत.

मुलाच्या दम्याबाबत एक बारकावा आहे. २०१९ पासून आयआरएसने (अमेरिकेच्या करखात्याने) काही जुनाट आजारांवरची औषधे डिडक्टिबलच्या आधीच देण्याची मुभा विमा योजनांना दिली आहे आणि दम्यासाठी रोज ओढावयाचे स्टिरॉइड इनहेलर त्या यादीत आहेत. मात्र धाप लागल्यावर तात्पुरता आराम देणारे इनहेलर तीत नाहीत. शिवाय ही केवळ मुभा आहे, सक्ती नाही. म्हणून योजनेच्या औषधयादीत मुलाच्या इनहेलरचे नेमके नाव शोधावे.

खरी अडचण रोख रकमेची होते. एफएसएमध्ये (कंपनीमार्फतच्या करमुक्त खर्च खात्यामध्ये) वर्षभरासाठी ठरवलेली सगळी रक्कम पहिल्या दिवशी वापरता येते. एचएसएमध्ये त्या दिवसापर्यंत जेवढे जमा झाले तेवढेच हाती असते. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली आणि खात्यात तीनशे डॉलर असतील, तर उरलेले बिल आधी आपल्याच चालू खात्यातून जाईल. नंतर रक्कम साठली की ती करमुक्त परत घेता येते, आणि त्याला मुदत नाही, फक्त खर्च एचएसए उघडल्यानंतरचा हवा. काही कौटुंबिक योजनांत कुटुंबाचे संपूर्ण डिडक्टिबल भरेपर्यंत एकट्याच्या उपचारालाही विमा सुरू होत नाही, हेही विचारून घ्यावे. ४,००० डॉलर हाताशी नसतील, तर पहिले वर्ष पीपीओत काढणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : माझ्या कंपनीची योजना एचएसए-पात्र आहे. पतींच्या कंपनीत त्यांचे एफएसए आहे, पण त्यातून माझा खर्च आम्ही कधीच करत नाही. मी एचएसएमध्ये भरणा करू शकते का?

उत्तर : नाही. त्या खात्यातून आपला खर्च करता येण्याची शक्यता असणे एवढेच अपात्रतेला पुरेसे आहे. तो केला की नाही याला महत्त्व नाही. पतींचे एफएसए फक्त दात आणि डोळ्यांपुरते मर्यादित असेल किंवा मुलांच्या सांभाळासाठीचे असेल, तर अडचण नाही. त्यांच्या साध्या एफएसएतील शिल्लक पुढील वर्षात ओढली गेली, तर ते संपूर्ण वर्षही आपल्यासाठी वाया जाते, म्हणून शिल्लक आधीच संपवावी. आतापर्यंत रक्कम भरली असल्यास विवरणपत्राच्या मुदतीआधी ती आणि तिच्यावरील कमाई काढून घ्यावी. अन्यथा दर वर्षी ६ टक्के दंडकर लागत राहतो.

याच ओघात एक सूचना. पगारातून भरलेली रक्कम कंपनीचा भरणा समजली जाते आणि डब्ल्यू-२ या कंपनीच्या वार्षिक पगारपत्रकाच्या १२ क्रमांकाच्या चौकटीत ‘डब्ल्यू’ या अक्षरापुढे दिसते. विवरणपत्रासोबत जोडायच्या एचएसएच्या फॉर्म ८८८९ वर ती नवव्या ओळीत येते. अनेक जण ती दुसऱ्या ओळीतही स्वतःचा भरणा म्हणून लिहितात आणि एकाच रकमेची वजावट दोनदा घेतल्याचे पत्र ओढवून घेतात.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा असून सत्तरीपर्यंत नोकरी करणार आहे. एचएसएचे काय?

उत्तर : ५५ नंतरचा जादा १,००० डॉलरचा भरणा आपण करत असालच. मेडिकेअर सुरू होईपर्यंत तो चालू ठेवता येईल, परंतु ६५ नंतर सोशल सिक्युरिटी घेतल्यास मेडिकेअरचा भाग ‘ए’ (रुग्णालयाचा विमा) आपोआप लागतो, आणि तोही सहा महिन्यांपर्यंत मागील तारखेपासून. त्यामुळे अर्जाच्या सहा महिने आधी भरणा थांबवावा. साठलेली रक्कम आपलीच राहते: वैद्यकीय खर्चाला ती करमुक्त, आणि ६५ नंतर इतर कारणासाठी काढल्यास केवळ आयकर लागतो, २० टक्के दंड लागत नाही. तिच्यातून मेडिकेअरच्या भाग ‘बी’चा (डॉक्टरांच्या उपचारांच्या विम्याचा) हप्ता भरता येतो, मेडिगॅपचा (मेडिकेअरला पूरक खासगी विम्याचा) नाही.

प्रश्न : भारतात सुट्टीवर असताना रूट कॅनॉल करून घेतले. तो खर्च एचएसएतून चालेल का? आणि तिथे राहणाऱ्या आईच्या उपचारांचा?

उत्तर : आपला खर्च चालेल, उपचार कोणत्या देशात झाले याने फरक पडत नाही. दवाखान्याची तारखेसह पावती आणि त्या दिवसाचा डॉलरचा दर जपून ठेवावा. औषधे तिथे विकत घेऊन तिथेच घेतली आणि दोन्ही देशांत ती कायदेशीर असली, तर तीही चालतात. आईंच्या बाबतीत उत्तर सहसा नकारार्थी आहे, कारण करकायद्यानुसार आश्रित ठरण्यासाठी त्या अमेरिकेच्या नागरिक, किंवा अमेरिका, कॅनडा वा मेक्सिको यांपैकी एखाद्या देशाच्या रहिवासी असाव्या लागतात.