जंगलातल्या गावात डिश लावून इंटरनेट आणता येईल का?

तुम्ही विचारलंय, शेजारच्या गावात फायबर आलं, मध्ये सहा किलोमीटर जंगल आहे, तर डिश लावून नेट येईल का आणि खर्च किती?

येईल. पण पाहणी मे महिन्यात करू नका.

आमचं गाव मेळघाटात, धारणी तालुक्यात. २०१६ मध्ये हरिसालचं नाव डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं, तेव्हापासून आम्हीही वाट पाहत होतो. पुढे एका उन्हाळ्यात एक इंजिनिअर लिंक टाकायला आले, म्हणजे दोन खांबांवर समोरासमोर डिश रोखून बिनतारी नेट आणायला. माझे बाबा वनमजूर. ते म्हणाले, "साहेब, सध्या साग उघडा हाय. पाणी पडलं का पानं येतीन, मंग तिकडचं काईच दिसनार नाई." साहेबांनी त्यांच्या हातात दुर्बीण दिली. "पलीकडचा खांब दिसतो ना? मग झालं."

शाळेत व्हिडिओ कॉल झाला तेव्हा पोरं नाचली. जुलैत सागाची पानं सुपाएवढी झाली आणि लिंक मेली. डिशमधून जाणारी ५.८ गिगाहर्ट्झची रेडिओ लहर जेमतेम ५ सेंटिमीटरची, ओल्या पानांत ती जिरून जाते. शिवाय नुसतं दिसून भागत नाही. सहा किलोमीटरच्या मधोमध, सरळ रेषेभोवती सुमारे ९ मीटर त्रिज्येची जागा धरावी लागते आणि त्या त्रिज्येच्या निदान ६० टक्क्यांपर्यंत काही आड येता कामा नये. इंजिनिअरला हे शिकवलेलं असतं. साग कधी पालवतो, ते बाबांना विचारायचं होतं.

अहवालात काय लिहिलं? "ग्रामस्थांनी उपकरणांशी छेडछाड केली." बाबा त्या खांबापाशी रात्री राखणीला झोपत होते! कोरकू गावात काही बंद पडलं की लोक अडाणी, हे ऐकून मी विटलो आहे.

पुढे बाबांनीच एक उघडं टेकाड दाखवलं. तिथे मधला टप्पा घेतला, आता भर पावसातही नेट चालतं.

डिश महाग नसते, पैसा खांबाच्या उंचीत आणि बॅटरीत जातो. आमच्याकडे पावसाळ्यात आठवडाभर ऊन नसतं, सोलरचा हिशेब तसा करा. वनखात्याची परवानगी आधी घ्या. नुसते लेखी निरोपच पाठवायचे असतील तर लोरा बघा, ही कमी वेगाची पण लांब जाणारी रेडिओ यंत्रणा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही आणि झाडीतून ती लहर बरी जाते.

तुमच्या मध्ये जंगल म्हणजे नुसती खुरटी झुडपं असतील, तर मेमधली पाहणीही चालेल.

पण कुठेही असा, पाहणीच्या कागदावर गावातल्या जाणत्या माणसाचं म्हणणं लिहून त्याखाली साहेबांची सही घ्या. आमच्याकडे ती असती, तर अहवालातलं ते वाक्य मी केव्हाच खोडायला लावलं असतं.