ल्युपसमध्ये बरे वाटू लागल्यावर गोळ्या बंद करता येतात का?

स्वतःच्या मनाने मुळीच करू नयेत. ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते, आणि सांधे दुखायचे थांबले, गालांवरचा फुलपाखराच्या आकाराचा चट्टा फिकट झाला, तरी मूत्रपिंडाची सूज काहीही न दुखता वाढत राहू शकते. लघवीला येणारा फेस किंवा मोजे काढल्यावर पायावर राहणारा खोल वळ हीच कधी कधी तिची पहिली खूण असते, म्हणून लघवीतील प्रथिनांची तपासणी चुकवू नये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मुळात हिवतापावरची गोळी. आजार पुन्हा उसळू नये म्हणून ती बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते, मात्र तिच्यामुळे डोळ्यांचा पडदा नियमित तपासून घ्यावा लागतो. स्टिरॉइड एकाएकी सोडणे तर अधिकच धोक्याचे आहे.